सी ड्राईव्ह लाल झाला की काय वापरावं? डिस्क क्लीनअप, स्टोरेज सेन्स, सीक्लीनर आणि ब्लीचबिट

दहा-बारा वर्षांपूर्वी जोडून घेतलेला घरचा कॉम्प्युटर. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि जोडणाऱ्याने तिचे चार भाग पाडून विंडोजच्या पदरात टाकलेले जेमतेम ऐंशी-शंभर जीबी. डी, ई, एफ निम्मे रिकामे असले तरी सी भरत राहतो, कारण विंडोजला आणि बहुतेक प्रोग्रॅमना पसारा सीवरच मांडायची सवय. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली उतरली की सीची निळी पट्टी लाल होते आणि सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं टेंप उडव, कोणी म्हणतं अमुक क्लीनर टाक, कोणी थेट फॉरमॅट मार म्हणतं.

या कामाच्या चार साधनांचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो: घरच्या जुन्या कॉम्प्युटरला विंडोजमधलंच डिस्क क्लीनअप पुरतं. ब्लीचबिट ठरावीक वेळी कामाला येतं, स्टोरेज सेन्स एकदा नीट बसवलं तर बरं, आणि सीक्लीनर आता नसलं तरी काही अडत नाही.

एक गैरसमजही आधीच दूर करू. टेम्पररी फाइल्स काढल्या की जागा मिळते, वेग मिळत नाही. कुठल्यातरी फोल्डरात तीन जीबी कचरा पडून आहे म्हणून विंडोज हळू चालत नाही, जसं माळ्यावर रद्दी आहे म्हणून स्वयंपाकाला उशीर होत नाही. फरक पडतो तो सी गच्च भरलेला असतानाच. तेव्हा पेजिंग फाइलला (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर जिचा आधार घेतं ती फाइल) वाढायला जागा उरत नाही, अपडेट उतरत नाहीत (८००७००७० या आकड्यांचा एरर दिसला तर अर्थ एकच, डिस्क भरली), आणि डीफ्रॅगला (डिस्कवर विखुरलेले फाइल्सचे तुकडे एकत्र लावणारं साधन) पूर्ण काम करायला लागणारी निदान पंधरा टक्के मोकळी जागाही मिळत नाही. सीवर चाळीस जीबी मोकळे असूनही कॉम्प्युटर रखडत असेल तर यातलं एकही साधन उपयोगाचं नाही. तिथे जुन्या सॅटा जोडणीवर बसणारी अडीच इंची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकणं हाच इलाज.

कचरा येतो कुठून

टेम्पररी फाइल म्हणजे प्रोग्रॅमने काम चालू असताना घेतलेला कच्चा कागद. इन्स्टॉलर आपलं गाठोडं टेंपमध्ये सोडतो, वर्ड-एक्सेल तिथे तात्पुरत्या प्रती ठेवतात, झिप उघडली की आतली फाइल आधी तिथे उतरते. काम संपलं की ज्याने त्याने आपला कागद उचलायचा असतो. पण प्रोग्रॅम अडकून बंद पडला किंवा वीज गेली तर उचलायला कोणी उरत नाही. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेल्या आणि दिवसातून दोनदा झटका खाणाऱ्या कॉम्प्युटरवर टेंप जास्त फुगतो तो यामुळेच.

टेंप फोल्डर दोन असतात. एक वापरणाऱ्याचा स्वतःचा, यूझर्स फोल्डरात आपल्या नावाखाली ॲपडेटा, लोकल, टेंप अशा वाटेने सापडणारा. त्यातला ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून बहुतेकांना तो कधी दिसतच नाही. दुसरा विंडोजचा, सी:\विंडोज\टेंप. घरात तिघांची तीन खाती असतील तर तिघांचे तीन टेंप, आणि एकाने साफ केला म्हणून बाकीच्यांचे होत नाहीत. हे लक्षात न आल्यामुळे ‘साफ केलं तरी जागा वाढली नाही’ ही तक्रार हमखास ऐकू येते.

खरी मोठी धोंड बहुधा टेंपमध्ये नसतेच. ती असते विंडोज अपडेटच्या जुन्या अवशेषांत, रिसायकल बिनमध्ये, ब्राउझरच्या कॅशेमध्ये (बघितलेल्या पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) आणि मोठ्या अपग्रेडनंतर राहिलेल्या ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये. हा शेवटचा फोल्डर एकटाच वीसेक जीबी अडवू शकतो. विंडोज १० तो दहा दिवसांनी आपणहून काढतं, पण त्या आधीच जागेची निकड आली तर हाताने काढावा लागतो आणि मग मागच्या आवृत्तीवर परतायची वाट बंद होते.

डिस्क क्लीनअप

विंडोज ९८ पासून असलेलं हे साधन. दिसायला अजूनही तेव्हासारखंच: एक छोटी खिडकी, टिक करायची यादी, प्रत्येक ओळीसमोर किती जागा सुटेल तो आकडा. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये, विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, ते मोडीत काढणार असल्याचं जाहीर केलं. तरी ते अजून जागेवर आहे आणि नव्या सेटिंग्जपेक्षा भरवशाचं आहे.

उघडायचं असं: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रनच्या खिडकीत रोमन अक्षरांत सी-एल-ई-ए-एन-एम-जी-आर टाइप करा, एंटर. ड्राईव्ह विचारेल, सी निवडा. पहिली यादी येते ती फक्त तुमच्या खात्यापुरती, आणि तिच्यात फार काही नसतं. बरेच जण इथेच ओके दाबून शंभर-दोनशे एमबी मिळवतात आणि साधनाला नावं ठेवतात. खरं बटण खाली डाव्या हाताला आहे, ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’. ते दाबलं की ॲडमिनची परवानगी मागून साधन पुन्हा मोजणी करतं आणि यादीत ‘विंडोज अपडेट क्लीनअप’, ‘प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’, ‘डिव्हाईस ड्रायव्हर पॅकेजेस’ अशा जड ओळी येतात. वर्षानुवर्षं साफ न केलेल्या कॉम्प्युटरवर नुसत्या अपडेटच्या ओळीतून कित्येक जीबी सुटतात.

विंडोज ७ मध्ये ही अपडेटची ओळ मुळात नव्हती. ऑक्टोबर २०१३ मध्ये केबी२८५२३८६ या अपडेटने ती आली, तीही सर्व्हिस पॅक १ असेल तरच. जुन्या सीडीवरून विंडोज ७ पुन्हा टाकलेलं असेल आणि ओळ दिसत नसेल तर कारण हेच. विंडोज ७ ला आता नवे अपडेट नाहीत (१४ जानेवारी २०२० ला ते थांबले), त्यामुळे हा गाळ एकदा उपसला की परत भरत नाही.

आता यादी वाचण्याबद्दल, कारण फसगत तिथेच होते. ‘टेम्पररी फाइल्स’ ही ओळ सात दिवसांत हात न लागलेल्या फाइल्सच काढते. आकडा मोठा दिसत नाही म्हणून वैतागू नका, हा संयम मुद्दाम ठेवलेला आहे. काही इन्स्टॉलर रीस्टार्टनंतर लागणाऱ्या फाइल्स टेंपमध्येच ठेवून देतात, त्या अर्ध्यात उडाल्या तर प्रोग्रॅम अर्धवट बसतो. ‘थंबनेल्स’ काढल्या तर नुकसान काही नाही, पण लग्नाच्या दोन हजार फोटोंचा फोल्डर पुढच्या वेळी उघडताना फिरती डिस्क प्रत्येक छोटं चित्र नव्याने बनवत बसते. तीसेक एमबीसाठी हे करू नये. ‘रिसायकल बिन’वर टिक करण्याआधी बिन उघडून एकदा नजर टाका.

आणि ‘डाऊनलोड्स’. १८०९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा फोल्डर डिस्क क्लीनअपच्या यादीत घातला. वर्षानुवर्षं वरपासून खालपर्यंत सगळ्या टिका मारायची सवय असलेल्या लोकांनी तशाच मारल्या, आणि डाऊनलोडमध्ये पडलेली कागदपत्रं गेली. २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत, म्हणजे मे २०२० च्या अपडेटमध्ये, ती ओळ काढून टाकली. घरचा जुना कॉम्प्युटर मधल्याच एखाद्या आवृत्तीवर अडकलेला असू शकतो. आपल्याकडे बँकेचं स्टेटमेंट, सातबारा, आधारची पीडीएफ, मुलांची हॉल तिकिटं सगळी डाऊनलोडमध्येच राहतात. त्या ओळीवर टिक नको.

वेळ किती लागतो? फिरत्या डिस्कवर अपडेटची ओळ निवडली असेल तर अर्धा-पाऊण तास धरा, कधी त्याहून जास्त. हिरवी पट्टी एकाच जागी ठिय्या देते, ती अडकलेली नसते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर हात लावू नका. विंडोज ७ मध्ये उरलेलं काम बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना चालतं. पडद्यावर ‘क्लीनिंग अप’ दिसत असताना बटण दाबून बंद करणं, किंवा लोडशेडिंगच्या वेळेच्या तोंडावर हे काम काढणं, दोन्ही टाळा. एखाद्या मशीनवर अपडेटच्या ओळीसमोर ३.९९ टीबी असा अचाट आकडाही दिसतो. तो मोजणीतला दोष, पाचशे जीबीच्या डिस्कमधून चार टीबी निघणार नाहीत.

दर महिन्याला त्याच टिका मारायचा कंटाळा असेल तर सोय आहे. क्लीनएमजीआरपुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि सेजसेट, कोलन, एक असं लिहिलं (एस-ए-जी-ई-एस-ई-टी) की निवड साठवली जाते. नंतर सेजसेटच्या जागी सेजरन लिहिलं की तीच निवड न विचारता चालते. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं विंडोजमधलं साधन) सेजरनची नोंद जोडली की काम सुटलं. मात्र ही पद्धत सगळ्या ड्राईव्हवर चालते, एकट्या सीवर नाही. डी-ईवरच्या रिसायकल बिनमध्ये काही राखून ठेवायची सवय असेल तर ती टिक वगळा.

उणिवा दोन. ब्राउझरच्या कॅशेला हे हात लावत नाही; इंटरनेट एक्स्प्लोररपुरतं बघतं, क्रोम-फायरफॉक्स त्याच्या गावीच नाहीत. आणि कुठली फाइल जाणार ते नावानिशी धड सांगत नाही. ‘व्ह्यू फाइल्स’चं बटण आहे, पण मोजक्याच ओळींना.

टेंप हाताने उडवायचा तर

रनमध्ये टक्क्याचं चिन्ह, टी-ई-एम-पी, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, एंटर. आपला टेंप उघडतो. त्याआधी कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा आणि काहीही न उघडता इथे या. म्हणजे अर्धवट इन्स्टॉलेशन पूर्ण झालेली असतात आणि वापरात असलेल्या फाइल्स कमीत कमी राहतात. कंट्रोल-ए, मग शिफ्ट दाबून डिलीट. शिफ्ट न धरता डिलीट केलं तर सगळं रिसायकल बिनमध्ये जातं आणि एक बाइटही सुटत नाही. ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असा अडसर आला की खालच्या चौकोनात टिक करून ‘स्किप’. ज्या राहिल्या त्या राहू द्या.

डिलीट करण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. टेंपच्या आत ‘टेंप१’ने सुरू होऊन पुढे झिपचं नाव असलेले फोल्डर असतात. प्राप्तिकर विवरणाची एक्सेल युटिलिटी झिपमध्ये येते. ती बाहेर न काढता झिपमध्येच डबल क्लिक करून उघडली, आकडे भरले आणि सेव्ह केलं, तर भरलेली फाइल झिपमध्ये जात नाही, या टेंप१ फोल्डरात राहते. ईमेलमधून थेट उघडून दुरुस्त केलेल्या जोडपत्रांचंही तेच. टेंपमध्ये तारखेनुसार लावून डॉक, एक्सेल आणि पीडीएफ फाइल्स चाळा, ओळखीचं काही दिसलं तर डेस्कटॉपवर कॉपी करा, मगच बाकीचं उडवा. दोन मिनिटांचं काम आहे.

टेंप भरल्याने प्रोग्रॅम खरोखर बंद पडतो असा एक प्रकार मात्र आहे, आणि त्याचा जागेशी संबंध नाही. जुने प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलचं नाव विंडोजकडून मागतात, आणि एका प्रकारची अशी जास्तीत जास्त ६५,५३५ नावं एका फोल्डरात बसतात. एखादा प्रोग्रॅम दर वेळी एक फाइल मागे टाकत राहिला तर कधीतरी नावं संपतात, आणि डिस्कवर भरपूर जागा असूनही प्रोग्रॅम ‘फाइल आधीच आहे’ म्हणून अडतो किंवा काही न सांगता सेव्ह करायचं थांबतो. टेंप उघडायलाच मिनिटभर लागत असेल आणि आत टीएमपीच्या शून्य केबीच्या फाइल्सची रांग असेल, तर हेच कारण.

साफ केलं, आठवड्यात पुन्हा भरलं

इथे चारही साधनं हात टेकतात, म्हणून हे नीट बघू. विंडोज ७ वर विशेष दिसणारा रोग: सी:\विंडोज\टेंपमध्ये ‘कॅब’ आणि खालची रेघ अशा नावाने सुरू होणाऱ्या फाइल्स, प्रत्येकी शंभर एमबीच्या आसपास, अशा दहा-वीस नाही तर शेकड्यांनी. रोज नव्या. काढल्या की दोन दिवसांत परत.

मूळ दुसरीकडे असतं, सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस या फोल्डरात. अपडेट बसवणारी यंत्रणा तिथे आपली नोंदवही लिहिते. वही मोठी झाली की विंडोज तिला दाबून कॅब (झिपसारखी आक्रसलेली फाइल) बनवतं आणि नवी वही सुरू करतं. पण वही दोन जीबीच्या पुढे गेली की दाबणारा प्रोग्रॅम, मेककॅब, तिला पेलू शकत नाही. तो सुरुवात करतो, अर्ध्यात कोलमडतो आणि अर्धवट कॅब टेंपमध्ये सोडतो. थोड्या वेळाने विंडोज पुन्हा तोच प्रयत्न करतं. नुसत्या कॅब फाइल्स काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

नळ बंद करायचा असा: रनमध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडा, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ शोधून थांबवा. सीबीएस फोल्डरातल्या लॉग फाइल्स काढा, विशेषतः ‘सीबीएसपर्सिस्ट’ नावाच्या अगडबंब फाइल्स. मग विंडोज\टेंपमधल्या कॅब फाइल्स शिफ्ट-डिलीट. कॉम्प्युटर रीस्टार्ट. या नोंदवह्या गेल्याने विंडोजचं काही बिघडत नाही, ते नवी वही उघडतं.

कचरा नेमका कुठे आहे हेच कळत नसेल तर साफ करायच्या साधनाआधी मोजायचं साधन घ्या. विझट्री घरगुती वापरासाठी फुकट आहे. ते एनटीएफएस डिस्कची अनुक्रमणिकाच थेट वाचतं, त्यामुळे फिरत्या डिस्कवरही काही सेकंदांत सर्वात मोठे फोल्डर उतरत्या क्रमाने समोर येतात. विनडरस्टॅटचे रंगीत चौकोन दिसायला छान, पण त्याच्या जुन्या आवृत्त्या एकेक फोल्डर चालत जातात. जुन्या डिस्कवर चहा होऊन जातो.

स्टोरेज सेन्स

विंडोज १० मध्ये एप्रिल २०१७ च्या आवृत्तीपासून. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. डिस्क क्लीनअपचा हा वारस आपोआप चालतो, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. चालू केलं की बाकी काही न बदलता ते जागा कमी पडल्यावरच जागं होतं. हवं तर रोज, आठवड्याला, महिन्याला असं ठरवता येतं. रिसायकल बिनमधलं तीस दिवसांपेक्षा जुनं सामान काढतं. डाऊनलोडसाठी वेगळा पर्याय आहे, तो ‘नेव्हर’वरच ठेवा. घरातलं कोणीतरी उत्साहाने तिथे तीस दिवस निवडून ठेवतं आणि दोन महिन्यांनी पावत्या शोधत बसतं.

घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर महिन्यातून एकदा, बिन तीस दिवस, डाऊनलोड नेव्हर, असं लावून द्या आणि विसरून जा. जुन्या मशीनवर ती सेटिंग्जची खिडकी स्वतःच उघडायला वेळ खाते, त्यामुळे हाताने साफ करायला डिस्क क्लीनअपच बरं.

सीक्लीनर

२००३ साली आलेलं, एके काळी प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हवर असलेलं नाव. तेव्हा ते खरंच चांगलं होतं: हलकं, भराभर, आणि ब्राउझरपासून मीडिया प्लेअरपर्यंत सगळ्यांचा कचरा एका खिडकीत. बारीक विचारही होता. विंडोजच्या टेंपमधल्या चोवीस तासांच्या आतल्या फाइल्सना हात लावायचा नाही, हा पर्याय आधीपासून टिक केलेला असतो.

जुलै २०१७ मध्ये ते बनवणारी पिरिफॉर्म कंपनी अवास्टने घेतली. त्याच ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.३३ या आवृत्तीत, थेट अधिकृत डाऊनलोडमध्येच, घुसखोरांनी आपला कोड घातलेला निघाला. सप्टेंबरमध्ये ते उघडकीला आलं तोवर ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचलेली होती. बाधित होती ती ३२ बिटची आवृत्ती, म्हणजे जुन्या घरगुती मशीनवर असण्याची शक्यता जास्त. दोष लगेच दुरुस्त झाला, पण कुठल्या जुन्या सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर ५.३३ पडलेली असेल तर ती फेकून द्या. पुढच्या वर्षी ५.४५ मध्ये पाठीमागे चालणारी देखरेख बंद करता येत नाही म्हणून ओरड झाली आणि ती आवृत्ती मागे घ्यावी लागली.

आजचं सीक्लीनर वापरायचंच असेल तर ‘हेल्थ चेक’ सोडा, ‘कस्टम क्लीन’ उघडा. आधी ‘ॲनालाइझ’, मग यादी, मग साफसफाई. कुकीज आणि सेशनच्या ओळींवर टिक आहे का बघा. असेल तर बँक, मेल, सगळीकडून बाहेर पडाल आणि पासवर्ड आठवत बसाल. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणंही सेटिंग्जमधून बंद करा. चार जीबी रॅममध्ये पाठीमागे बसून राहणारा पाहुणा कोणाला हवा?

रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरला मात्र हात लावू नका, इथलाच नाही, कुठलाच. त्यातून सुटतात काही केबी, आणि चुकीची नोंद गेली तर प्रिंटरपासून टॅलीपर्यंत काहीही रुसतं. अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेही लिहून ठेवलेलं आहे. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा’ म्हणणारे क्लीनर तर १ मार्च २०१८ पासून विंडोज डिफेंडर नको असलेल्या सॉफ्टवेअरमध्येच धरतं.

ब्लीचबिट

फुकट, मुक्तस्रोत, जाहिराती नाहीत, पैसे मागत नाही, पाठीमागे बसत नाही. २००८ मध्ये आधी लिनक्ससाठी आलं, नंतर विंडोजवर. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल झिपही मिळते. ती डी ड्राईव्हवर सोडा आणि गरजेपुरती चालवा.

डिस्क क्लीनअपच्या दोन्ही उणिवा हे भरून काढतं. क्रोम, फायरफॉक्स, एज यांची कॅशे काढतं, आणि ‘प्रिव्ह्यू’ दाबलं की जाणारी प्रत्येक फाइल पूर्ण पत्त्यासकट दाखवतं. साफ करण्याआधी प्रिव्ह्यू ही सवय लावून घ्या, कारण याच्याकडे माघार नाही. रिसायकल बिनमध्ये काही जात नाही, गेलं ते गेलं.

घसरायच्या जागा इथेही आहेत. ब्राउझरच्या नावापुढच्या मुख्य चौकोनात टिक मारली की खालचं सगळं निवडलं जातं, कुकीज आणि साठवलेले पासवर्डसुद्धा. उघडून फक्त ‘कॅशे’वर टिक करा. ‘फ्री डिस्क स्पेस’ हा पर्याय जागा मोकळी करत नाही. मोकळ्या जागेवर कचरा लिहून ती पुसतो, जेणेकरून आधी काढलेल्या फाइल्स परत मिळू नयेत. फिरत्या डिस्कवर यात तासन्‌तास जातात, एसएसडीवर नुसती झीज होते. कॉम्प्युटर विकायचा असेल तेव्हा त्याचा विचार करावा. ‘डीप स्कॅन’मधल्या बॅकअप फाइल्सच्या ओळीपासूनही दूर राहा. बीएके शेवट असलेली फाइल एखाद्या हिशोबाच्या प्रोग्रॅमची एकमेव प्रत असू शकते.

कॅशेबद्दल एवढंच की ती आठ-दहा दिवसांत पुन्हा भरते, आणि भरेपर्यंत पानं हळू उघडतात व डेटाही जास्त जातो. दर आठवड्याला कॅशे उडवणं हा नुसता व्याप आहे.

ज्यांना हात लावायचा नाही

प्रीफेच उडवा म्हणजे विंडोज पळेल, हा सल्ला अजून मरत नाही. त्या फोल्डरात प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेल्या छोट्या नोंदी असतात, त्यांच्या संख्येला विंडोजनेच मर्यादा घातलेली आहे, आणि त्या काढल्या की पुढची सुरुवात उलट हळू होते.

सी:\विंडोज\इन्स्टॉलर हा लपवलेला फोल्डर कित्येक जीबींचा दिसतो. त्यातल्या फाइल्स काढल्या की आज काही होत नाही. सहा महिन्यांनी ऑफिस अनइन्स्टॉल किंवा दुरुस्त करायला जाल तेव्हा ते मूळ सीडी मागत बसतं.

विनएसएक्सएस फोल्डर, म्हणजे विंडोजच्या सुट्या भागांचं कोठार, हाताने कधीच नाही. त्याचा आकार फुगवून दिसतो, कारण तीच फाइल दोन ठिकाणी नावाने नोंदवलेली असते आणि एक्स्प्लोरर ती दोनदा मोजतो. विंडोज ८ आणि पुढे हा फोल्डर आटोपता करायची रीतसर आज्ञा आहे: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डिझम, ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, स्टार्टकंपोनंटक्लीनअप. पुढे रीसेटबेस जोडलं तर थोडी जास्त जागा सुटते, पण त्यानंतर आजवरचा एकही अपडेट मागे घेता येत नाही. जुन्या हार्डवेअरवर एखादा अपडेट ग्राफिक्स बिघडवून बसण्याची शक्यता धरून रीसेटबेस टाळलेलं बरं.

हे सगळं करूनही पट्टी लाल राहिली तर हायबरफिलकडे बघा. ही हायबरनेशनची (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करायची सोय) फाइल, विंडोज १० मध्ये रॅमच्या चाळीस टक्के, विंडोज ७ मध्ये पंचाहत्तर टक्के. चार जीबी रॅमवर अनुक्रमे दीड आणि तीन जीबींच्या आसपास. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ व एच, मग ऑफ, एवढं लिहिलं की ती लगेच जाते. पण तिच्याबरोबर विंडोज १० चं ‘फास्ट स्टार्टअप’ (याच फाइलच्या आधाराने लवकर सुरू होणं) देखील जातं, आणि फिरत्या डिस्कवर सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा वेळ चांगलाच वाढतो. एसएसडी बसवलेली असेल तर बिनधास्त काढा. नसेल तर डी ड्राईव्हवर फोटो हलवून तेवढी जागा करता येते का, ते आधी पाहा.